शेंदराखालची फट

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा! देवाच्या दारात काही वाढलं, तर आपण म्हणतो कृपा. आणि घटलं तर? — चोर! असं का हो?

ऐका. कोकणात एक गाव. नाव नाही सांगत, तिथले दोघे-तिघे समोरच बसलेत! देवीच्या ओट्यावर तांब्याचा चौकोनी पत्रा — आठ मुठी लांब, आठ मुठी रुंद. मूठभर लांब, मूठभर रुंद अशी चौसष्ट घरं! उत्सवात देवी बसायची मंडपातल्या लांब ओट्यावर. म्हणून हरबा तांबटानं पत्रा तिरपा कापून चार तुकडे केले आणि तिथे जुळवले. सांधा उघडा ठेवायचा नाही, ही तिथली रीत. वर साऱ्या गावानं मिळून शेंदूर थापला. मानकऱ्यांनी मोजलं — पाच मुठी रुंद, तेरा मुठी लांब. पासष्ट!

“आईनं तांबं वाढवलंन!” धडाधड नारळ फुटले. कुठून आलं, कुणी विचारलं? छे!

उत्सव सरला. तुकडे पुन्हा चौकोनात बसवले. चौसष्ट! आता माना वळल्या नागू गुरवाकडे. किल्ली त्याच्याकडे ना!

“नागू, एक घर तांबं कुठे गेलं?”

“आईची शपथ, हात लावला नाही मी!”

“उद्यापासून पूजा दुसरा करील. ठेव किल्ली.”

पिढ्यांची सेवा, मंडळी, एका वाक्यात गेली!

तेवढ्यात नागूची बायको तानू पुढे आली. “तेच तुकडे मांडा बघू लांब ओट्यावर!” मांडले, शेंदूर थापला, मोजले. पासष्ट!

“चोरानं गुपचूप परत आणून ठेवलंन,” मानकरी कुजबुजले. बघा, संशय हार मानतो का!

तानूनं तिरप्या सांध्यावरचा शेंदूर नखानं खरवडला. खाली तांबं नाही — दगड! या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अरुंद फट. एका तुकड्याचा उतार आठ मुठींत तीन, दुसऱ्याचा पाचांत दोन. डोळ्यांना सारखेच — पण सारखे नाहीत! कडा एका रेषेत येतच नव्हत्या. मधली फट बारीक, पण लांबलचक. तिची जागा भरते बरोब्बर एक घर! तांबं वाढलं नव्हतं, गेलंही नव्हतं.

मानकऱ्यांनी किल्ली पुढे केली. नागूनं घेतली नाही. म्हणाला, “आधी देवळातलं सगळं मोजून द्या. मग घेईन.”

हसताय? थांबा! मी हरबा तांबटाचं नाव घेतलं, तेव्हाच मनात म्हणालात ना — यानंच खाल्लं असणार? त्या बिचाऱ्यानं कणही घेतला नव्हता! मग सांगा मंडळी, शेंदूर कुणी थापला होता? आणि आत्ता तुम्ही शेजारच्याकडे का बघताय?