थोर्नाचं बारसं

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. ठेवले? त्या डावीकडच्या पाव्हण्यांनी मोबाईलही ठेवावा. आई गाभाऱ्यातून बघते आहे, आणि तिच्याकडं त्रिशूळ आहे, एवढं लक्षात असू द्या!

आता एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका. लगेच दिलेली उत्तरं मला घरी भरपूर मिळतात.

प्रश्न असा — शूर बाई आपल्याला कुठं आवडते?

गाभाऱ्यात आवडते! आठ हात, आठ हत्यारं, पायाखाली राक्षस. आपण म्हणतो, वा! आणि नारळ फोडतो. शाळेच्या भिंतीवर घोड्यावर बसलेली आवडते. टीव्हीत तर फारच आवडते. पण घरात? घरातली बाई नुसतं म्हणाली, 'मला नाही पटत' — आठ हात नाहीत हो, दोनच, त्यातल्या एकात चहाचं गाळणं — की लगेच आपलं बीपी वाढलं! हसू नका पुढच्या रांगेतले. तुमच्यासाठीच आजचं आख्यान आहे.

तर ऐका. कासारखेडं नावाचं गाव. तिथं खंडागळ्यांचं घर. घरातले कर्ते तात्या, वय पंचाहत्तर, निवृत्त ग्रामसेवक. निवृत्त फक्त कागदावर! घरात अजून ठराव मांडतात, स्वतःच अनुमोदन देतात, स्वतःच मंजूर करतात. त्यांची बायको शांताआजी. पन्नास वर्षांच्या संसारात आवाज कसा तो नाही. आणि एक नात, केतकी, कॉलेजात जाणारी.

या घरात केतकीच्या भावाला मुलगी झाली. तात्यांना पणती! तात्या पंचांग घेऊन जोशीबुवांकडं धावले. जोशीबुवांनी बोटं मोजली, चष्मा पुसला, म्हणाले, "उत्तराभाद्रपदा, दुसरा चरण. अक्षर आलं 'थ'."

थ! मंडळी, तुम्हीच सांगा, 'थ'वरून मुलीचं नाव काय ठेवाल? विचार करा. थाळी? थैली? थर्मास? अकरा दिवस घर डोकं धरून बसलं होतं. सूनबाई, म्हणजे बाळाची आई, म्हणाली, "दुसरं अक्षर घेऊ या ना." तात्या कडाडले, "चार पिढ्या पत्रिकेचं अक्षर सोडलेलं नाही! 'थ' म्हणजे 'थ'!" मग नाव कोण शोधणार? तात्यांनी तिथल्या तिथं ठराव केला, "नाव ठेवण्याचा हक्क आत्याचा. आत्या सांगेल ते नाव, त्यात बदल नाही!"

आणि सख्खी आत्या कोण? केतकी! इथं तात्यांच्या सहीनं घोटाळा झाला.

बाराव्या दिवशी बारसं. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या, बायका जमल्या. केतकी पाळण्यात वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, नाव सांगितलं, कुर्रर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाधप गुद्दे घातले. इथवर सगळं रीतीप्रमाणं. मग तात्यांनी विचारलं, "काय ठेवलं?"

केतकी म्हणाली, "थोर्ना."

घुगऱ्या खाणाऱ्यांचे जबडे जागच्या जागी थांबले. तात्या म्हणाले, "थोर्ना? ही कोणती देवी?"

"देवी नाही तात्या. कार्टूनमधली आहे. इंग्रजी."

आता थोर्ना कोण, ते सांगतो. मी पाहिलं आहे! अभ्यास म्हणून हो, बारा भाग. डोक्याची एक बाजू सफाचट, दुसऱ्या बाजूला लालभडक वेणी. पुढचा एक दात पडलेला, आणि तो बसवून घेत नाही! दंड असे, की आमच्या मृदंगवाल्यांचे दोन एकत्र केले तर तिचा एक होईल. रागावू नका मृदंगवाले, तुमचा हात गोड आहे. बसायला केसाळ रानरेडा. आणि काम काय? राखेचा राजा नावाचा एक दुष्ट गावं जाळत येतो, ही आडवी जाते. बस! सात सीझन झाले, आडवीच जाते आहे.

आणि ती एकटी नाही. केतकीनं मला सगळ्या दाखवल्या. तिकडच्या कार्टूनात हल्ली पोरीच पोरी लढतात. एक लोखंडी पायाची. एक जाडजूड, हातोडा फिरवणारी, आणि तिला कुणी 'जरा कमी खा' म्हणत नाही! एक तर चष्मा लावून बाण मारते. आमच्या वेळचं कार्टून म्हणजे काय? एक प्राणी दुसऱ्याच्या डोक्यात तवा घालायचा, संपलं.

तर तात्यांनी ठरवलं, चौकशी करायची. पणतीला जिचं नाव दिलं, ती बाई कोणत्या घरातली? स्थळाची करतात तशी चौकशी! शास्त्राधार म्हणून मला बोलावलं. दुपारची जेवणं झाली, टीव्ही लागला. तात्या खुर्चीत, हातात वही. मी सोफ्यावर. शांताआजी दाराशी, लसूण सोलत. केतकी मध्ये उभी राहून मराठीत सांगते आहे.

तात्या विचारतात, "हिचे आईबाप?"

"गेले. पहिल्याच भागात."

"मग हिचं बघतं कोण?"

"तीच बघते."

तात्यांनी वहीत लिहिलं — वळण नाही.

मग राखेचा राजा आला. काळा धूर, लाल डोळे. तात्या एकदम ताठ बसले. "हा कोण?"

"दुष्ट आहे तात्या."

"जमीन किती आहे त्याच्याकडं?"

"अर्धी पृथ्वी."

"मग एकदम दुष्ट नको म्हणूस! एवढी जमीन सांभाळायची म्हणजे माणूस तापट होणारच. त्याच्याशी कुणी बसून बोललं का? पंच नेमले का?"

मंडळी, चौथ्या भागात तात्या राजाच्या बाजूनं कौल द्यायला तयार झाले होते! आणि शांताआजी? आजी दर भागाला एकच विचारायची, "ही जेवली का गं?" केतकी म्हणायची, "दाखवलं नाही आजी." पाचवा भाग झाला, सहावा झाला. आजी कासावीस! "सहा भाग झाले, पोरीच्या पोटात काही नाही. लढंल कशी?"

सातव्या भागात पुलावरची लढाई होती. राजाचा सेनापती, डोंगराएवढा, थोर्नावर चालून येतो आहे. तात्या वहीत लिहीत होते. आणि दाराकडून आवाज आला, "अगं, डावा पाय बघ त्याचा! डावा आधी उचलतोय. लंगडी घाल की!"

आणि पडद्यावर काय झालं? थोर्नानं पायात पाय अडकवून कुस्तीतली लंगडी घातली! सेनापती पुलावरून खाली — धप्प! आम्ही सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. आजीच्या मुठीत लसणाचा चेंदा झाला होता.

तात्या म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?"

आजी म्हणाली, "काही नाही." आणि लसूण गोळा करायला लागली.

हे लक्षात ठेवा, मंडळी. त्या दिवशी मीही लक्षात ठेवलं नव्हतं.

बारा भाग संपले. तात्यांनी वही मिटली आणि निर्णय दिला, "नाव बदला! दात पडलेल्या बाईचं नाव माझ्या पणतीला नको. उद्या सोयरीक कोण करील? बुवा, कानात गेलेलं नाव काढायला शास्त्रात काय उपाय?"

खरं सांगतो. आईसमोर उभा आहे, खोटं कशाला बोलू? शास्त्रात असं काही नाही. पण तात्यांनी माझ्याकडं असं काही बघितलं, की माझ्या तोंडून निघून गेलं, "दुसऱ्या कानात दुसरं नाव सांगितलं, की पहिलं आपोआप बाहेर पडतं."

हे मी कुठंही वाचलेलं नाही! मी भ्यालो, आणि ज्ञान सांगून मोकळा झालो. शास्त्र असं तयार होतं कधीकधी.

नवं नाव ठरलं, सुशीला. मी हळूच विचारलं, "तात्या, आणि 'थ'?" तात्या म्हणाले, "'थ' गेला खड्ड्यात!" चार पिढ्यांचं अक्षर, मंडळी, चार सेकंदांत गेलं!

गुरुवारी दुसरं बारसं. तोच पाळणा, पुन्हा घुगऱ्या. गाव काय, दुसऱ्यांदा घुगऱ्या म्हटल्यावर दुप्पट आलं! पण पाळण्याजवळ कोण बसलेलं? केतकी! डाव्या हातात परात, ढालीसारखी. उजव्या हातात लाटणं. आणि तिच्या मागं सूनबाई, पाळण्याची दोरी मनगटाला गुंडाळून!

"बाजूला हो!" तात्या ओरडले.

"नाही होणार. आत्या सांगेल ते नाव, त्यात बदल नाही. तुमचाच ठराव आहे, तात्या."

सूनबाई म्हणाली, "आणि मला आवडलंय. मी पहिल्या बारशालाच म्हटलं होतं."

म्हटलं होतं! खरंच म्हटलं होतं. घुगऱ्या खाणारे आम्ही दहा माणसं होतो तिथं, एकानं ऐकलं नव्हतं. मीही नाही.

तात्या काठी टेकत पुढं आले. काठी परातीवर लागली, ठण्ण! बाळ दचकून रडायला लागलं. आता बघा, एका बाजूला कार्टून बघणारी पोरगी, दुसऱ्या बाजूला निवृत्त ग्रामसेवक, मध्ये परात, आणि पाचपन्नास माणसं घुगऱ्या चावत बघतायत. आणि त्या गोंधळात बाळाचं काय होणार? हे भांडण जिच्या नावाचं, तिला घास गिळण्याइतकीही ताकद आलेली नाही!

तात्या संतापून म्हणाले, "मीच सांगतो तिच्या कानात! नावाचं एवढं काय घेऊन बसलात? ही बघा, हिचं नाही का बदललं? लग्नात ताटात तांदूळ पसरले, अंगठीनं 'शांता' असं लिहिलं, झालं! पन्नास वर्षं झाली. कुठं दुखलं का? विचारा तिला!"

सगळ्यांनी आजीकडं पाहिलं. आजीच्या हातात घुगऱ्यांचं पातेलं होतं. तिनं ते खाली ठेवलं. पदराला हात पुसले. आणि म्हणाली,

"दुखलं."

तात्यांची काठी तिथंच राहिली.

"तुम्ही विचारलं नाही, म्हणून मी बोलले नाही. आज विचारलंत, तर सांगते. माझं नाव हौसा. जत्रेत दोन्ही भावांना लंगडी घालून चीत केलं होतं मी, अख्ख्या गावासमोर. लग्नानंतर माहेरी गेले की आई हौसा म्हणायची. आई गेली. मग थोरला भाऊ म्हणायचा, धाकटा तर आधीच गेला होता. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून ते नाव कुणाच्या तोंडून आलं नाही. कधीकधी भांडी घासताना मीच म्हणते, हळूच. विसरायला नको म्हणून."

मंडळी, त्या ओसरीवर मी उभा होतो. हातातली घुगऱ्यांची वाटी मी खाली ठेवली. मला माझीच लाज वाटली, अशी की काय सांगू!

आजी पुढं गेली. तात्यांची काठी एका हातानं बाजूला केली, केतकीची परात दुसऱ्या हातानं. पाळण्यात वाकली. सगळं घर कान लावून उभं. दुसऱ्या कानात आता काय सांगते? सुशीला? शांता?

आजी म्हणाली, "थोर्ना, मी हौसा."

आणि कुर्रर्र केलं! रडणारं बाळ गप्प झालं, आणि एक सणसणीत शिंक दिली! सूनबाईनं आजीच्या पाठीत पहिला गुद्दा घातला, मग केतकीनं, मग सगळ्या बायकांनी. सत्तर वर्षांची बाई, पण मंडळी, एका गुद्द्यानं हलली नाही!

तात्यांचं काय झालं म्हणता? दोन दिवस एकही ठराव मांडला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावरून हाक आली. दबकी. "अगं... हौसा. चहा झाला का?"

आजी आतच होती. तिनं ऐकलं. पण ओ दिली नाही, मुद्दाम! तिला पुन्हा एकदा ऐकायचं होतं.

झालं आख्यान. आता तुमच्याकडं येतो, आणि आधी माझ्याकडं. त्या दिवशी घरी जाताना वाटलं, माझ्या आईचं नाव काय होतं? आमच्या घरात सगळे तिला रमा म्हणायचे, आणि ते माझ्या वडिलांनी ठेवलेलं. त्याआधीचं? आई जाऊन नऊ वर्षं झाली. मामा नाहीत, मावशी नाही. विचारायला कुणी उरलेलं नाही. मी या देवीची एकशे आठ नावं न अडखळता म्हणतो, मंडळी. आईचं एक मला माहीत नाही.

आता जयजयकार करायचा आहे. देवीचा शेवटी. आधी प्रत्येकानं आपल्या आईचं लग्नाआधीचं नाव घ्यायचं, मोठ्यानं. चला, हात वर करा आणि बोला!

बोला की!

काय झालं? पेटीवाले? मृदंगवाले, तुम्हीही? अहो, मघाशी एवढे हसत होतात. सरपंच, तुम्ही? एवढं मोठं देऊळ भरलंय, आणि एक नाव नाही?

कोण? कोण बोललं? मागं, खांबाजवळ... तुम्ही, आजी? आईचं नाही, तुमचं स्वतःचं सांगताय? अहो सांगा की! उठू नका, बसूनच सांगा. काय म्हणालात?

चिमणा!

मंडळी, हिला शेवटचं कुणी या नावानं हाक मारली असेल, देव जाणे. आता सगळ्यांनी मिळून, गाभाऱ्यातल्या आईलाही ऐकू जाईल असं. पुढची रांग, तुमचा आवाज मला सगळ्यात आधी पाहिजे. बोला, चिमणाबाई की —