खिडकीबाहेरचा बाक

बाक नाही तो, बाई. काल तुम्ही त्यावर टॉवेल वाळत घातलात, बसून पपई खाल्लीत, मी म्हटलं, नवीन माणूस, त्याला काय ठाऊक — पण आता विचारताच आहात, खिडकीबाहेर हे काय म्हणून, तर सांगते. माझा मुलगा आहे तो. रोंगो. अहो, अशा दचकू नका. बॅग ठेवा आधी खाली, बस यायला वेळ आहे, खांदा दुखेल. स्कूटरवरून बेटाला चक्कर मारलीत ना परवा, मग पाहिलं असेल घरोघरी — कपड्यांची दोरी, फुलझाडं आणि थडगं. वर पत्रा, खाली टाइल्स. आमच्या रारोटोंगात अशीच रीत. आपलंच माणूस, ते का लांब नेऊन टाकायचं?

हो, वेबसाइटवरच्या फोटोकडे येतेच आहे, थांबा जरा. फोटोत समुद्र होता आणि खोलीतून हे दिसतं, बरोबर आहे तुमचं. पंखा करकरतो, कबूल. गादीला ओल येते, तेही कबूल — इथं मिठाला ओल येते, गादीचं काय घेऊन बसलात. कोंबडे तेवढे माझे नाहीत. कुणाचेच नाहीत, उगाच ओरडत फिरतात. पण फोटो मीच काढला. मेतुआ, म्हणजे माझी लेक, ऑकलंडला असते — ती फोनवर म्हणाली, आई, थडगं दिसू देऊ नकोस, पाहुणे बिचकतात. मग काय, पुढच्या खोलीच्या खिडकीत उभी राहिले, समुद्र काढला आणि दिला पाठवून. पोटच्या पोराला फोटोतून बाहेर काढलं मी. चांगलं नाही वाटलं, पण काढलं. आता तुम्ही तिथं खोलीबद्दल लिहिणार, सगळं जग वाचणार, आणि मेतुआ आधी वाचणार. ती म्हणालीच आहे, आणखी एक तक्रार आली की घराला कुलूप, आणि तू इकडे यायचंस. ऑकलंडला. मी काय करू तिथं, खिडकीत बसून गाड्या मोजू?

पुढची खोली का नाही दिली? ती नाही देता येत. गळते ती. वरचा पत्रा — नाही, गळत नाही. काय करायचंय खोटं बोलून, तुम्ही दारातून पाहिलीच असेल, पलंगसुद्धा घातलाय. कोरडी आहे, वारा येतो, समुद्र पायाशी. मागितली असतीत तरी दिली नसती, बस. का म्हणजे? अहो, सगळेच पुढे झोपले तर मागे त्याच्याजवळ कोण? माझे गुडघे बघताय ना, मागच्या पायऱ्या मला उतरवत नाहीत आता, रविवारी चर्चहून आले की तेवढी कशीबशी जाते, पानं झाडते, फुलं बदलते. म्हणून पाहुणा ठेवते त्या खोलीत. कुणी खोकतं, कुणी फोनवर हसतं, खिडकीत दिवा असतो. त्याला ऐकू जात असेल, मी आपली असं धरून चालते.

वेडी म्हणा. पण तो ब्रिस्बेनला होता तीन वर्षं, मांसाच्या कारखान्यात, आणि राहायला अशीच एक स्वस्तातली खोली. फोन केला की म्हणायचा, आई, झकास खोली आहे, खिडकीतून समुद्र दिसतो, अगदी आपल्या आरोरांगी गावासारखा. मी चर्चमध्ये सगळ्या बायकांना सांगत सुटले, माझ्या रोंगोच्या खोलीतून समुद्र दिसतो म्हणून. मग त्याला आणायला गेले. ताप होता म्हणे. दोन दिवस कुणाला कळलं नाही, बाई. शेजारी माणसं, खाली माणसं, आणि दोन दिवस दार कुणी वाजवलं नाही. मी त्याच खोलीत राहिले, कागदपत्रं होईपर्यंत, आणि खिडकी उघडली. भिंत होती समोर. हात बाहेर काढला की लागेल इतकी जवळ. तुझ्यासारखीच उभी राहिले मी, बॅग खांद्याला, आणि म्हटलं, समुद्र कुठाय.

तो फसवत नव्हता गं पोरी. आईला बरं वाटावं म्हणून बोलत होता. मी मात्र तुला फसवलं, ते वेगळं. त्यात फरक आहे, मला कळतो. लिही तुला लिहायचं ते. ओल लिही, पंखा लिही, म्हातारी खोटं बोलते तेही लिही. मेतुआ यायची ती येईल. फक्त बाक लिहू नकोस, रोंगो लिही. त्याचं नाव कुठं लिहिलेलं नाही, त्या टाइल्सवरसुद्धा नाही, माझ्याच्यानं होत नाही ते.

बघ, बसचा आवाज आला, बेटाला उलट्या बाजूनं फिरणारी येतेय. उलटी असो की सुलटी, बेट गोल आहे, विमानतळावर पोचशीलच. हात कर लांबूनच, नाहीतर थांबत नाही तो ड्रायव्हर. टॉवेल? कुठे निघालीस परत? राहू दे तिथंच, ओला आहे अजून. रोंगोही असाच टाकायचा, कुठेही. जा तू. जा म्हणते ना.