‘ने’ कोणाला लावायचा

मी ज्योत्स्ना रूपराव भोयर, वय २२ वर्षे, शिक्षण बी.ए., धंदा खाजगी शिकवणी, रा. नाचणगाव, ता. देवळी, जि. वर्धा. समक्ष विचारल्यावरून सांगते की, विहिरीवर कोणी कोणाला ढकलले, या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही. मी तिथे नव्हते.

सोमवारी सकाळी सामाईक विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या पाळीवरून माझा भाऊ प्रफुल आणि शेजारच्या वावराचे नत्थूजी यांचे भांडण झाले. नत्थूजी विहिरीत पडले. ते अजून शुद्धीवर नाहीत. प्रफुल म्हणतो, नत्थूजींनीच आधी ढकलले आणि त्यांचाच तोल गेला. पाहणारे एकटे आमचे बाबा.

बाबांना मागच्या वर्षी लकवा झाला. तेव्हापासून शब्द येतात, पण शब्दांना लागणारे ‘ने’ आणि ‘ले’, म्हणजे पुस्तकातले ‘ला’, येत नाहीत. विहिरीबद्दल ते एवढेच म्हणतात, “नत्थू... प्रफुल... ढकल.” जमादारांनी त्याचे “प्रफुलने नत्थूजीला ढकलले” असे लिहिले. मी हरकत घेतली. ते म्हणाले, “बी.ए. झाली त पोलिसाले व्याकरण शिकवतं काय बाई? बुढा मान हालवून हो म्हनून राह्यला.”

मी त्यांच्यासमोरच उलटे विचारले, “बाबा, नत्थूजीनं प्रफुलले ढकललं?” तरी हो. मग विचारले, “चहानं तुमाले पेलं काय?” बाबा हसले. “हट्! मी... चहा.” चहा माणसाला पीत नाही, हे त्यांना कळते. पण माणसे एकमेकांना ढकलू शकतात. तिथे ‘ने’ कोणाला लागला, हे त्यांना ऐकूनही उमगत नाही. जो जसे विचारील, त्याला ते हो म्हणतील. मला त्याचीच भीती वाटते.

बाबांचे बोलणे घरात मला जास्त समजते, म्हणून त्यांच्या जबाबाखाली माझी सही मागितली. आई सुलोचनाबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, “तू सांगशीन तेच लिहितीन. ‘ने’ त्या नत्थूले लाव न माय. एका अक्षरापायी भावाले जेलात धाडतं काय?”

प्रफुल खरे बोलतो असे मला वाटते. पण बाबांनी ते सांगितलेले नाही.

माझा जबाब मला वाचून दाखवला, तो मी बोलले तसाच आहे. बाबांच्या जबाबात त्यांचे तीन शब्द तेवढे ठेवावेत, पुढे-मागे काही जोडू नये, असे मी ठाणेदार साहेबांना लिहून दिले आहे. ते आईच्या देखत दिले.