सरांकडून न घेतलेली पोच

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, संस्थेचे आधारस्तंभ माननीय विठ्ठलराव साहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते प्राचार्य राधाकिशन सर. सरांना इतकी वर्षं वेळेवर डबा देणाऱ्या आणि आज पहिल्यांदाच व्यासपीठावर दिसलेल्या वहिनी. संचालक मंडळी, प्राध्यापकवृंद, विद्यार्थी मित्रांनो, आणि मंडपामागे जिलेबी तळत बसलेल्या माझ्या मावश्यांनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी विजयमाला. धारूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीचा वर्ग शिकवते. सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘सरांची लाडकी विद्यार्थिनी आणि एक समंजस पालक’ अशी करून दिली. पहिला भाग खरा आहे. दुसऱ्यासाठी आत्ताच मला शाल आणि श्रीफळ मिळालं, त्याबद्दल संस्थेचे आभार. मे महिन्यात शाल अंगावर घेतली की जीव किती नकोसा होतो, हे मात्र आज कळलं.

सरांबद्दल चांगलं बोलायला मला बोलावलं आहे आणि मी बोलणार आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी सर आम्हाला याच कॉलेजात मराठी शिकवायचे. एकदा आमची सहल कपिलधारला गेली. धबधब्याखाली तीन पोरांनी एका अशक्त पोराचं डोकं पाण्यात दाबून धरलं, गंमत म्हणून. सर बुटांसकट पाण्यात शिरले, त्या पोराला ओढून काढलं आणि त्या तिघांना तिथेच सोडून गाडी इथे, बीडला आणली. ‘चालत या, पायांना काम मिळालं की डोकं थंड होतं,’ म्हणाले. पोरं खरंच चालत आली. त्या दिवशी मी ठरवलं, मास्तर व्हायचं तर असं.

म्हणून तर माझा गहिनीनाथ बारावी झाल्यावर मी दुसरं कॉलेज पाहिलंच नाही. आमचे हे, शहादेवराव, एसटीवर ड्रायव्हर आहेत. ते म्हणाले होते, ‘अंबाजोगाईला टाकू, जवळ हाय.’ मी म्हटलं, ‘तिथं सर न्हाईत.’

गेल्या ऑगस्टमध्ये पोर सुट्टीला घरी आलं, तेव्हा पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे वळ होते. वसतिगृहातल्या मोठ्या पोरांचे कपडे धुतले नाहीत, एवढाच गुन्हा. बारा ऑगस्टला मी अर्ज लिहिला. नावं, तारखा, खोल्यांचे नंबर, सगळं. सरांच्या केबिनमध्ये गेले, पाया पडले, अर्ज हातात दिला. सरांनी तो पूर्ण वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘विजयमाला, काळजी करू नको. मी आहे.’ मी निघाले.

अर्जाची पोच घेतली नाही. अहो, शाळेत खडूचा खोका आला तरी मी तारीख टाकून सही करते. पोषण आहाराच्या तांदळाचं पोतं सहीशिवाय आत येऊ देत नाही. पण ज्यांनी मला निबंध लिहायला शिकवलं त्यांच्याकडे ‘दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून द्या’ असं म्हणायचं? जीभ रेटली नाही. तुमच्यापैकी किती जणांनी म्हटलं असतं? हात वर करा. बघा, एकही नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता कायदा ऐका. पेन असेल तर लिहून घ्या. आपल्या राज्यात रॅगिंगविरुद्ध एकोणीसशे नव्याण्णवचा कायदा आहे. लेखी तक्रार मिळाली की प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची. तथ्य दिसलं तर आरोपीला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. प्राचार्यांनी कानाडोळा केला, तर त्यांनीच गुन्ह्याला साथ दिली असं कायदा धरतो, आणि शिक्षाही तीच, दोन वर्षांपर्यंतची. पण त्यासाठी तक्रार मिळाली होती हे सिद्ध व्हावं लागतं. म्हणून सांगते, देव समोर बसला असला तरी पोच घ्या.

एकोणीस तारखेला सात दिवस संपले. केबिनमधून वसतिगृहाकडे साधा शिपाईसुद्धा गेला नाही. बातमी मात्र गेली.

पंचवीस ऑगस्ट, रविवार, दुपारचे दोन. मेसमध्ये गोडाचं जेवण होतं. गहिनीनाथला पाण्याच्या टाकीमागे गच्चीवर नेलं. नऊ जण होते. वहिनी, ऐकवत नसेल तर आत जाऊन बसा, मी थांबणार नाही. प्रत्येकाने एक थोबाडीत मारायची आणि याने आकडा म्हणून ‘थँक्यू दादा’ म्हणायचं. आकडा चुकला की पहिल्यापासून. त्यात सगळ्यांत जड हात विजयसिंहचा. विजयसिंह म्हणजे अध्यक्ष साहेबांचा पुतण्या. तिसऱ्या फेरीत डाव्या कानाचा पडदा फाटला, रक्त मानेवर आलं. डोकं इतकं सुन्न झालं की कितवी बसली हेच त्याला कळेना. मग आकडे चुकायला लागले. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तो पडला तेव्हा विजयसिंहने क्रिकेटच्या स्टंपने गळ्याजवळचं हाड मोडलं. ते मोडल्याचा आवाज जिन्यात उभ्या फराजने ऐकला.

फराज हा त्याच्या खोलीतला सोबती, धर्मापुरीचा. त्याने एकट्याने माझ्या पोराला पाठीवर घेऊन तीन मजले खाली उतरवलं. उतरताना त्याच्याही पाठीत लाथा बसत होत्या.

आमच्या ह्यांनी दवाखान्यात पोराकडे एकदाच बघितलं. बाहेर गेले आणि गाडीतली, चाक खोलायची लोखंडी टॉमी घेऊन आले. म्हणाले, ‘तू पोराजवळ बस. मी येतो.’

‘कुठं निघालाव?’

‘डोस्की फोडून येतो. नऊच तर हायत.’

मी दारात आडवी झाले. म्हटलं, ‘तुमी जेलात गेल्यावर कोर्टात कोन उभं राहील?’ हे मी शहाणपणाने बोलले असं समजू नका. त्या क्षणी ती टॉमी मला माझ्या हातात हवी होती. अजूनही वर्गात फळा पुसताना तो विचार येतो आणि डस्टर इतक्या जोरात आपटलं जातं की पोरं दचकतात.

पोलिस ठाण्यात सांगितलं, ‘कॉलेजचं मॅटर हाय, समितीकडं जावा.’ कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीने लिहिलं, विद्यार्थी न्हाणीघरात घसरला. गालावर नऊ जणांची बोटं उठवून घेत घसरणारा माझा पोरगा जगात पहिलाच! मग मी रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आणि तिचा क्रमांक जपून ठेवला. पोलिस गुन्हा नोंदवत नसतील तर पोलिस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवता येतं, ते कळवलं. तिथेही दाद लागली नसती तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायची तयारी होती. अठराव्या दिवशी गुन्हा नोंदवला गेला. नऊ नावं आली. दहावं आलं नाही, कारण कॉलेजने लिहून दिलं, ‘यापूर्वी कोणतीही तक्रार प्राप्त झालेली नाही.’ खाली सरांची सही होती. ती सही मी ओळखते, माझ्या निबंधांखाली ती असायची. ती पाहून मी रडले, पोराचा कान गेला तेव्हासुद्धा इतकी रडले नव्हते.

आता आजचं सांगते. पंधरा दिवसांपूर्वी विठ्ठलराव साहेबांचा निरोप आला. सत्कार घ्या, सरांबद्दल दोन शब्द बोला, आणि पंगतीआधी ऑफिसात ‘गैरसमजातून तक्रार झाली’ अशा प्रतिज्ञापत्रावर सह्या करा. गहिनीनाथची बुडालेली हजेरी भरून देऊ, वर्ष वाचेल. वकील म्हणाले, सहीने खटला आपोआप संपत नाही. पण फिर्यादीच फिरला तर त्यात उरतं काय?

खोटं बोलत नाही. मी सही करायला आले होते, पोरालाही मीच राजी केलं होतं. त्याचं वर्ष मला हवं होतं.

फाटकाशी फराजची आई आमिनाबी भेटली. फळांचा गाडा लावते ती. म्हणाली, ‘मॅडम, तुमी सही करून घरला जाताव. माझा पोरगा हितंच ऱ्हानार. त्यानं नऊ जनांची नावं घेतल्यात. त्याला कोन वाचवनार?’  लाज वाटते सांगायला, हे ऐकूनही मी आत आले.

आत पाहुण्यांना फेटे बांधणं चाललं होतं. आमच्या ह्यांना फेटा कोणी बांधला? विजयसिंहने. तो बघा, खांबाला टेकून उभा आहे. निलंबित असायला हवा, तो जामिनावर सुटून स्वागत समितीत आहे! फेट्याचं टोक खोचता खोचता तो ह्यांच्या कानात म्हणाला, ‘काका, पोराला म्हणावं, दुसरा कान सांभाळ. अन् त्या फराजला म्हणावं, जिना सांभाळ.’

साहेब, माइक बंद करायला सांगू नका. मी पन्नास पोरांना माइकशिवाय शिकवते, माझा आवाज फाटकापर्यंत जातो.

अहो, तुम्ही बसा. शहादेवराव, बसा म्हणते ना! ती खुर्ची खाली ठेवा. त्याला बोट लावायचं नाही. त्याने आज साक्षीदाराला धमकी दिली आहे आणि ती शब्दाला शब्द लिहून द्यायची आहे. विजयसिंह, तू कुठे निघालास? थांब, पळायची गरज नाही, तुझ्याबद्दलचं बोलून झालं आहे.

सही होणार नाही. वर्ष गेलं तर जाऊ दे.

सर, आता तुमच्याशी. तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे. विचारण्याआधी सांगते, तुम्ही ‘हो’ म्हणालात तर दहावं नाव तुमचं असेल. उत्तर द्यायची सक्ती नाही. बारा ऑगस्टला मी तुमच्या हातात दिलेला अर्ज तुम्हाला मिळाला होता का?

सर, नुसती मान हलवू नका. मागे दिसत नाही. कुणीतरी माइक द्या सरांना. वहिनी, तुम्ही द्या.

मागे ऐकू आलं का? सर म्हणाले, ‘मिळाला होता. वाचला होता. साहेबांना दाखवला, आणि मग खणात ठेवला.’

धन्यवाद, सर. माझा राग गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही. पण हेच ठाण्यात सांगितलंत, तर या कॉलेजात फराज एकटा साक्षीदार राहणार नाही.

मंडळी, आपण मला बोलू दिलंत, शाल-श्रीफळ दिलंत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. शाल इथे खुर्चीवर ठेवली आहे. थोरामोठ्यांचा मान राखताना शब्द कमीजास्त गेला असेल, तर लेक समजून पदरात घ्या. जिलेबी गार करू नका, आमची पानं मात्र वाढू नका. आम्हाला जबाब द्यायला जायचं आहे. गहिनीनाथ, फराज, उठा. आमिनाबी, तुमीबी चला. सर, बाहेर आमची जीप उभी आहे, तिच्यात पुढची जागा तुमच्यासाठी ठेवते.