भाऊरावच्या शटरवरची पाटी

मुकुंदवाडीत गाळ्यांचा भाव माझ्याएवढा कुणाला कळत नाय. आता माझा गाळा एकच हाय, अन् तोबी बायकोच्या नावावर. शेजारचा भाऊराव भाव चढला म्हणून लई मिरवायचा. त्याची गंमत करावी म्हणून त्याच्या शटरवर मी गुपचूप पाटी टांगली, 'गाळा विकणे आहे'. ती बघून पलीकडचा घाबरला, त्यानंबी टांगली. आठवड्यात सगळी लाईन विकायला निघाली.

नेमका तेव्हाच माझ्या गाळ्यातल्या रफिक टेलरचा करार संपला. भाडं वाढवायला मी वर्षभर टपून बसलेलो.

म्हणलं, "रफिकभाई, औंदा भाडं वाढवावं लागंल."

त्यानं दातातला दोरा तोडला. "चाचा, सगळी लाईन पळायलीय. मी बसलोय म्हणून तुमचं शटर तरी वर हाय. भाडं तुम्हीच द्या मला!"