गुडघ्याला शेकोटी

हॅलो?… हं, मीच, ताईच बोलतेय. छोटे, बरं झालं तूच फोन केलास… अगं घसा बरा आहे माझा. मुद्दाम हळू बोलतेय. आई अंघोळीला गेलीय आणि तिचा मोबाइल माझ्या हातात आहे.

हो, चोरून. सरळ सरळ चोरून. मग काय करू?

अगं ऐक ना… आधी ऐक. तो कुंड्यांचा ग्रुप नाही का, बाल्कनीतली झाडं लावणाऱ्यांचा… तूच नेऊन बसवलंस तिला त्यात. हो, तूच! "ताई, आईचा वेळ जाईल." गेला ना वेळ! आता तिथे तिला एक मैत्रीण मिळालीय. "बागेतली मैत्रीण". हेच नाव. खरं नाव नाही, पत्ता नाही, फोटोच्या जागी एक कुंडी. रोज सकाळी सातच्या ठोक्याला हजर. पाणी प्यायलात का, गोळी घेतलीत का, झोप लागली का…

चांगलंय? काय चांगलंय त्यात? आणि बाई आहे कशावरून? कुंडीमागे एखादा मिशाळ बाप्याही बसला असेल!

हसू नकोस. मला अजिबात हसू येत नाहीये.

विचारलं ना. तिला तोंडावर विचारलं, कोण गं ही? तर म्हणाली, आहे एक ओळखीची. आणि मोबाइल पालथा ठेवला. पालथा, कळलं का? माझ्यासमोर. माझ्या आईने!

काय?… छे, आजच्या जगाबिगाचं मला नको सांगूस. इथे टेबलावर एकशे दोन निबंधांची प्रुफं पडलीत. "समाजमाध्यमे : शाप की वरदान". शाळांची स्पर्धा होती, तिचं पुस्तक काढतायत. आणि एकशे दोन पोरांनी शेवटी एकच लिहिलंय, ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे. अरे पण वापरणारा कोण, ते कोण सांगणार?

नाही, नळ चालू आहे अजून. थांब, वाचूनच दाखवते. मंगळवारचं. आई लिहिते, "काल बाथरूममध्ये पाय घसरून पडले."

हॅलो? ऐकतेयस ना? पडली, छोटे! आणि मी घरात होते गं. बाहेरच्या खोलीत, ह्याच खुर्चीवर. मोठा आवाज झाला, मी ओरडून विचारलं, काय झालं? म्हणाली, बादली पडली. आणि मी परत खाली मान घालून अनुस्वार शोधत बसले.

तर काय. म्हणजे तो कोपरावरचा डाग…

थांब. कोपर मी आत्ता म्हटलं. "डावा" तू म्हणालीस. तुला कसं माहीत डावा?… मी सांगितलं? कधी?… बरं. सांगितलं असेल. हल्ली माझ्याही लक्षात राहत नाही.

हं, पुढे ऐक. ही कुंडी विचारते, "मोठ्या मुलीला सांगितलंत का?" आता मला सांग, मोठी मुलगी आहे, धाकटी आहे, हे हिला कोणी सांगितलं?… आईनेच, ते कळतंय गं मला. पण असंच काढून घेतात हे लोक. घरात माणसं किती, कोण कधी बाहेर जातं, दाराला कडी कोण लावतं. गोड गोड बोलायचं आणि सगळं काढून घ्यायचं. मी तक्रार करणार आहे. आजच.

नको? का नको?

दुखावेल म्हणजे? मी काय तिच्या वाइटावर आहे का? आणि तुला एवढा पुळका का आलाय त्या कुंडीचा?

बरं, बरं. वाचते. त्यावर आईचं उत्तर… "नाही सांगितलं. मोठी माझं बोलणं ऐकत नाही, तपासते."

…

आहे. आहे मी फोनवर.

तपासते म्हणे.

खोटं आहे ना गं?… बोल की.

परवा डॉक्टरांकडून आली आणि म्हणाली, मला संधीवाद सांगितलाय. मी म्हटलं, संधिवात, आई. वाद नाही, वात. ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, संपलं तिचं बोलणं. पुढे काहीतरी सांगायचं असेल ना गं तिला?

नाही, रडत नाहीये. वाईट वाटलं, एवढंच… खूप वाईट वाटलं.

हो, वाचते ना. मधेच "पुरे आता" काय? एकच ओळ राहिलीय. कुंडीचं उत्तर. "मनाला लावून घेऊ नका. ती तशी वाईट नाही. गुडघ्याला शेकोटी दिलीत का?" बघ, कशी लोण्यासारखी बोलते…

…

थांब हं.

गुडघ्याला शेकोटी दिलीत का.

शेकोटी.

छोटे, सगळं जग शेक देतं. गरम पाण्याच्या पिशवीला शेकोटी फक्त आपल्या घरात म्हणतात. का, तर एक चार वर्षांची कार्टी "शेक"ला "शेकोटी" म्हणायची आणि बाबांनी कौतुकाने तेच चालू केलं. आणि ती कार्टी कोण?

बोल ना.

पंचवीस वर्षं प्रुफं वाचतेय मी. चूक सापडली की ती कोणाची, हेही कळतं मला.

कधीपासून?… आठ महिने! आठ महिने तू कुंडी होऊन बसलीस? आणि मला रोज विचारायचीस, ताई, आई कशी आहे!

फोन करायला काय झालं होतं?… हो, करतेस, माहीतेय… हं… हं… "मी मजेत आहे" म्हणते आणि ठेवून देते. तुलाही? मला वाटलं, तुला तरी सांगत असेल… म्हणजे पोटच्या पोरींना मजेत, आणि कुंडीला खरं खरं.

अगं रडतेस काय! रडायचं मी. ती पडली हे तुला चार दिवस माहीत होतं आणि मी इथे चार पावलांवर! पुन्हा पडली असती म्हणजे?… शपथ घातली? कुंडीला?… नाही, तुझ्यावर नाही चिडले. चिडले, पण ते नंतर बघू.

शू! नळ बंद झाला.

मोबाइल ठेवते जागेवर. पालथा होता… हो, पालथाच… झालं. दाराआड आलेय मी. फटीतून दिसतेय. हळूच बसली पलंगावर. गुडघा धरला बघ. माझ्यासमोर कधी धरत नाही… चष्मा लावला. घेतला मोबाइल.

ए, ते खातं बंदबिंद करू नकोस हं… नाही करत तक्रार. कोणाची करू, तुझी? तू असं कर, आत्ता लिही तिला. म्हणावं, मोठीला सांगा पडल्याचं… अगं लिही! मी सांगतेय ना.

गेलं? वाजला इकडे. वाचतेय… हसतेय. छोटे, ही हसते का आहे? लिहितेय आता. एका बोटाने. किती वेळ लावतेय, बाई…

आलं? वाच… काय?

परत वाच. हळू.

"छोटे, ताई दाराआड उभी आहे. पावलं दिसतायत तिची. आत ये म्हणावं, सांगते…"

छोटे म्हणून लिहिलंय? म्हणजे ती पहिल्या दिवसापासून…

नाही, काही बोलू नकोस. आणखी काही आहे का खाली?

"…पण मधे बोलायचं नाही म्हणावं."

हो.

नाही बोलणार. शपथ, एक अक्षर नाही बोलणार… ठेव तू. ठेव आता.