फेलिस्टाची आई

सिस्टर : दार लाव आणि आता खरं सांग. यादीतलं नाव कोणी खोडलं?

मुलगी : मीच खोडलं, सिस्टर.

सिस्टर : रविवारी बिशप येतायत. बेचाळीस मुलींचं दृढीकरण आहे, बाप्तिस्म्यावरची पक्की मोहोर; बेचाळीस पांढरे झगे शिवून तयार आहेत. आज गुरुवार. आणि तू सगळ्यांसमोर, फळ्यावर लावलेल्या यादीतून स्वतःचं नाव पेनने खोडतेस! गाणाऱ्या मुलींची प्रमुख असून!

मुलगी : यादी खराब होऊ नये म्हणून एकच रेघ मारली.

सिस्टर : केवढा तो विचार! हे बघ फेलिस्टा, मी जानेवारीपासून बघतेय. मिस्साच्या प्रार्थनेला सगळ्या रांगेत येतात, तू बाकावर गुडघे टेकून राहतेस. सहा महिन्यांत एकदाही ख्रिस्तप्रसाद घेतला नाहीस. मी काही विचारलं नाही. म्हटलं, ते तू आणि फादर देओग्रासियस बघून घ्याल. पण आता मुली कुजबुजतात. काय कुजबुजतात, ठाऊक आहे?

मुलगी : माझं पोट कधी दिसायला लागतं याची वाट बघतायत.

सिस्टर : दिसणार आहे का?

मुलगी : नाही.

सिस्टर : नक्की? मी ओरडणार नाही.

मुलगी : तुम्ही ओरडताच आहात, सिस्टर.

सिस्टर : ...बरं. मग काय झालंय? बाजारामागच्या त्या नव्या मंडळात जायला लागलीस? तो माइकवर किंचाळणारा पास्टर?

मुलगी : नाही. सिस्टर, माझा बाप्तिस्माच झालेला नाही.

सिस्टर : काहीतरी बरळू नकोस. तुझं कार्ड या कपाटात आहे. थांब. हे बघ. फेलिस्टा केमिलेम्बे. ही तारीख, हा चर्चचा शिक्का. हे बघूनच तुला माध्यमिकच्या पहिल्या वर्गात घेतलं मी. खाली माझी सही आहे.

मुलगी : ते कार्ड माझं नाही. फेलिस्टा माझी मोठी बहीण होती. पाच वर्षांची असताना ती सरोवरातल्या बेटावर वारली. माझं नाव कोकुसिमा.

सिस्टर : बस.

मुलगी : मी उभीच बरी आहे.

सिस्टर : बस म्हणते ना! हे तुला कोणी सांगितलं?

मुलगी : डिसेंबरच्या सुट्टीत गावी होते. बेटावरची एक बाई बाजारात सुकी मासळी विकायला आली होती. आईला ओळखून धावत आली, माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, 'कोकुसिमा, तू तर उंचीने आईच्या वर गेलीस! मोठीला पुरलं तिथे कोणी जातं का गं?' आईने टोपली तिथेच टाकली आणि मला ओढत घरी नेलं. दार लावलं. मग सगळं बोलली.

सिस्टर : म्हणजे तीन वर्षं मी माझ्या या हाताने तुला ख्रिस्तप्रसाद...

मुलगी : तोवर मला माहीत नव्हतं. बेटावरचं काहीच आठवत नाही. कळल्यावर एकदाही घेतला नाही.

सिस्टर : आणि तोंड उघडलं नाहीस!

मुलगी : आईने शपथ घातली होती.

सिस्टर : मग ती आज का मोडतेस?

मुलगी : बिशप कपाळावर तेल लावताना नाव घेतात. ते 'फेलिस्टा' म्हणणार आणि मी 'आमेन' म्हणायचं. काल तालमीत फादरनी तसं करून दाखवलं. माझ्या तोंडून 'आमेन' निघालंच नाही. खोकल्याचं नाटक करून बाहेर आले.

सिस्टर : बोर्डाच्या परीक्षेचे फॉर्म कोणत्या नावाने गेलेत, कळतंय ना? ते मार्चमध्येच बंद झाले. वर्गात पहिली येतेस तू. डॉक्टर व्हायचंय ना?

मुलगी : हो.

सिस्टर : हे अजून कोणाशी बोललीस?

मुलगी : नाही.

सिस्टर : बोलूही नकोस. मी तुझ्या आईला बोलावते. आणि ऐक, जेवायला जा. उपास करून बसलीस तर आधी त्याबद्दल रागवेन.

(शुक्रवार दुपार. तीच खोली. मुलीची आई येऊन बसली आहे.)

आई : मुलगी आजारी आहे, असा निरोप पाठवलात तुम्ही, सिस्टर. गावातल्या दुकानदाराने फोन ठेवला तशी मी निघाले. बसमध्ये उभ्याने आले, जपमाळ ओढत. पायात चपला दोन वेगळ्या आहेत ते इथे आल्यावर दिसलं. आणि ही तर इथे धडधाकट उभी आहे!

सिस्टर : फोन दुकानातला होता, फेलिस्टाची आई. त्याला खरं काय सांगणार होते मी?

आई : खरं? ...काय खरं? कोकु, तू बोललीस?

मुलगी : बोलले.

आई : माझ्या गळ्यावर हात ठेवून शपथ घेतली होतीस तू!

मुलगी : तो हात तूच ओढून ठेवला होतास, आई.

आई : बघा, बघा! हे शिकवता इथे? आईला उलटून बोलायला?

सिस्टर : हे नाही शिकवत. खोटं बोलू नये, एवढं शिकवतो. ते जरा जास्तच मनावर घेतलंय हिने. तुम्ही मला तुमच्या तोंडून सांगा.

आई : काय सांगू? माझं लग्न चर्चमध्ये झालं. त्या नवऱ्याची फेलिस्टा. तो गेला तेव्हा ती सहा महिन्यांची. सासरच्यांनी केळीची बाग काढून घेतली, मला बाहेर काढलं. बेटावर मासळी वाळवायचं काम मिळतं म्हणून गेले. तिथे एकाने आसरा दिला. वाईट नव्हता. त्याची बायको पलीकडच्या किनाऱ्यावर होती, ते मागून कळलं. तोवर ही पोटात.

सिस्टर : आणि मोठी?

आई : गोवर. साऱ्या वस्तीत पसरला होता. तीन दिवसांत गेली. त्याच संध्याकाळी पुरलं. फादर नाही, कोणी नाही. एका म्हाताऱ्या मासेमाराने त्याच्या धर्मातलं काहीतरी म्हटलं. मला त्यातला शब्द कळला नाही, तरी त्याचे पाय धरले मी.

सिस्टर : मग गावी परत आलात.

आई : भावाला निरोप धाडला, मला ने. त्याचं उत्तर आलं, 'चर्चमधल्या नवऱ्याची पोर घेऊन ये, घर तुझंच आहे. बेटावरचं काही माझ्या अंगणात आणायचं नाही.' आता सांगा, काय करायचं होतं मी? चर्चमधल्या नवऱ्याची पोर वाळूखाली होती आणि ही पाठीला बांधलेली. मोठी असती तर सहाची झाली असती; तिच्या जागी ही चार वर्षांची नेली. उपाशी पोरं लहानच दिसतात, सिस्टर. कोणी विचारलंही नाही.

सिस्टर : मीही नाही विचारलं.

आई : मी चोरी नाही केली. माझ्या एका लेकीचं होतं, दुसरीला दिलं. फ्रॉक देतो तसं.

सिस्टर : संस्कार म्हणजे फ्रॉक नव्हे.

आई : ते तुम्हाला सोपं आहे म्हणायला! तुम्हाला घर आहे, जेवण आहे, भिंत आहे भोवती. मला त्या दिवशी भावाचं अंगण हवं होतं, बास! आता एक करा. तुमच्या पाया पडते. तांब्याभर पाणी आणा आणि फादरना बोलवा. आत्ता, इथेच हिच्या डोक्यावर पाणी घाला. नाव फेलिस्टाच ठेवा. कागद आणि पोर एक होतील. कोणाचं काय बिघडलं?

सिस्टर : तुम्हाला खरं सांगू? कालपासून माझ्याही डोक्यात हेच घोळतंय. मुलगी परीक्षेला बसेल, शाळेचं नाव राहील, माझ्या सहीवर कोणी बोट ठेवणार नाही. फादरना मी समजावलंही असतं.

आई : मग झालं तर! देव भलं करो तुमचं!

मुलगी : आणि तिचं काय?

आई : कोणाचं?

मुलगी : फेलिस्टाचं. दर नोव्हेंबरात मृतांच्या मिस्साला सगळे आपापल्या माणसांची नावं लिहून देतात. मामा आजोबांचं देतो, जन्मून दोन दिवसांत गेलेल्या त्याच्या बाळाचंही देतो. तू माझ्या शेजारी बसलेली असतेस, आई. तू कधी तिचं दिलंस?

आई : जिवंत मुलीचं नाव कसं देणार?

मुलगी : मी जिवंत आहे. ती नाही. माझ्यामुळे तिच्यासाठी आजवर कोणी एक 'हे आमच्या बापा' म्हटलं नाही. मी तिच्या नावाने पहिला नंबर काढते. तिच्या नावाने गाते. आता तेलही तिच्याच नावाने लावून घेऊ?

आई : तुझ्यामुळे नाही. माझ्यामुळे. ...आणि तू समजतेस काय? मी विसरले? पहाटे पाण्याला जाते तेव्हा विहिरीपर्यंत तिच्याचसाठी जपमाळ असते. सारं गाव मला काय म्हणून हाक मारतं? फेलिस्टाची आई, मीठ आहे का? फेलिस्टाची आई, चल लाकडांना. रोज दहा वेळा तिचं नाव ऐकते. दर वेळी आत काहीतरी लागतं आणि मी 'ओ' देते. वाटायचं, एवढ्याने तिला पोचत असेल.

सिस्टर : पाणी घ्या. घ्या थोडं.

मुलगी : आई, ती कशी होती? तू तेही कधी सांगितलं नाहीस.

आई : कशी म्हणजे... बारकी. पण जिद्दी. वाळूवर मासळी पसरलेली असायची ना, बगळे यायचे. ही काठी घेऊन धावायची. बगळा हिच्याएवढा, आणि ही त्याला दम द्यायची, 'माझ्या आईचं आहे!' तू रांगत मासळीत जायचीस. मग तुलाही तोच दम, त्याच काठीने. पुढच्याच क्षणी तुला उचलून न्यायची, अर्धी फरफटत. आजारपणात म्हणाली, कोकुला माझ्याजवळ झोपवू नका, तिला होईल. पाच वर्षांची पोर, सिस्टर. म्हणून तर ही वाचली.

मुलगी : हे तू मला डिसेंबरात का नाही सांगितलंस?

आई : तोंडातून बाहेर आलं असतं तर ते खरं झालं असतं.

सिस्टर : तुम्ही दोघी आता ऐका. पाणी घालून मोकळं व्हायचं, ते मी करणार नाही. बोर्डाला पत्र जाईल. कोर्टातून शपथपत्र करून नाव बदलावं लागेल. कार्ड न तपासता मी सही केली, हेही त्या पत्रात असेल. या वर्षी परीक्षेला बसू देणार नाहीत. मी भांडेन, पण आशा ठेवू नका.

आई : एक वर्ष! वर्षभर हिला कोण ठेवणार? भाऊ?

सिस्टर : शाळा ठेवेल. खालच्या वर्गांना गणित शिकवेल ही. ईस्टरपर्यंत धर्मशिक्षण, मग तिचा बाप्तिस्मा, तिच्या स्वतःच्या नावाने.

मुलगी : चालेल, सिस्टर.

आई : तुला चालेल! मला भाऊ त्याच अंगणातून हाकलेल. रविवारी येणार आहे तो. नवा कोट शिवलाय, भाची बिशपांसमोर उभी राहणार म्हणून गावभर सांगत फिरतोय.

मुलगी : मामाला मी सांगते.

आई : नाही. तू नाही. इतकी वर्षं माझ्या जिभेवर आहे ते, मीच उतरवेन. सिस्टर, रविवारच्या मिस्साला नावं वाचता ना तुम्ही? आजारी लोकांची, मेलेल्यांची?

सिस्टर : वाचतो.

आई : मग लिहून घ्या. मला लिहिता येत नाही.

* * *

सिस्टर : बिशपांची गाडी गेली. तुम्ही अजून चर्चमध्येच? तिकडे जेवणाची पंगत बसली. भात आहे, बोकड आहे, केळी आहेत. चला.

आई : बसू द्या जरा, सिस्टर.

सिस्टर : मुलगी कुठे आहे?

आई : मैत्रिणींनी ओढून नेली. एकेकीने येऊन मिठी मारली. एक तर रडत होती. म्हणाली, तुझ्या पोटाबद्दल मीच पहिली बोलले होते, मला माफ कर.

सिस्टर : ती कोण ते मला कळलं. तिला मी बघते. ...बिशपांनी वेदीवरून नाव वाचलं तेव्हा मी तुमच्याकडे बघत होते.

आई : काय वाचलं त्यांनी? माझ्या कानात नुसता वारा होता.

सिस्टर : 'फेलिस्टा केमिलेम्बे, वय वर्षे पाच.' मग सारं चर्च म्हणालं, 'प्रभू, तिला चिरशांती दे.' आठशे माणसं होती आज.

आई : आठशे!

सिस्टर : तुमचे भाऊ?

आई : मिस्साच्या आधीच सांगितलं होतं, फाटकापाशी. कोटाची बटणं लावत राहिला, एक काढायचा, एक लावायचा. मला वाटलं, तसाच परत जाईल. पण आत आला आणि मागच्या बाकावर बसला.

सिस्टर : आणि आता?

आई : आंब्याखाली उभा आहे. कोकुकडे बघितलं नाही त्याने अजून. ती समोर जाऊन वाकली, तर तोंड फिरवलं.

सिस्टर : वेळ लागेल.

आई : लागेल. कदाचित कधीच बघणार नाही, त्याचं सांगता येत नाही. मी विचारलं, सामान केव्हा काढू तुझ्या घरातून? तर माझ्यावरच खेकसला.

सिस्टर : काय म्हणाला?

आई : म्हणाला, 'सामान कसलं काढतेस? आधी घरी चल. जमिनीवर पसरायला गवत कापायचंय. गावात कळलं की लोक मोठ्या पोरीच्या दुखवट्याला बसायला येतील.'